गुडघ्यातलं ग्रीस संपलं म्हणून हालायचंच नाही का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की गुडघेदुखीच्या तेलांच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती वाढतात आणि घरोघरी तोच सल्ला सुरू होतो, की गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, आता जिना चढू नका, खाली बसू नका, चालणं कमी करा. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि हे ऐकलं की खरंच राहवत नाही, कारण सांधा जसं काम करतो त्याच्या हे बरोब्बर उलट आहे.

आधी ते ग्रीस. ते काही एकदाच मिळालेलं आणि वापरून संपणारं नसतं. सांध्याभोवती जी पिशवी असते तिचं आतलं अस्तर हा द्रव सतत तयार करतं आणि जुना शोषूनही घेतं. धडधाकट गुडघ्यातसुद्धा तो जेमतेम दोन-चार मिलिलिटर असतो, चमचाभरही नाही. आणि सुजलेल्या गुडघ्यात तर तो उलट वाढलेला असतो, त्यालाच आपण गुडघ्यात पाणी झालं म्हणतो.

झिजते ती कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर. मुलांना दाखवायला मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा गुडघा आणते. मांडीच्या हाडाचं टोक पांढरं, किंचित निळसर, इतकं गुळगुळीत की बोट ठेवलं की सटकतं आणि बोट उचललं की चिकट तार येते. सुरीने तो थर कापला तर आत रक्ताचा एक ठिपका दिसत नाही, आणि मग कोणीतरी हमखास विचारतं की बाई, रक्तच नाही तर ह्याला खायला कोण घालतं? सगळं उत्तर इथेच आहे. माणसाच्या कुर्चेतही रक्तवाहिन्या नसतात, तिला जे काही मिळतं ते ह्या द्रवातूनच. पाऊल टाकलं की कुर्चा दाबली जाते आणि द्रव बाहेर पडतो, पाऊल उचललं की ती स्पंजसारखी तो परत आत ओढते. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण, आणि आपण नेमकं तेच बंद करायला सांगतो!

शाळेच्या पुस्तकात गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा असं असतं, ते बरोबर आहे पण तेवढंच नाही. गुडघा वाकताना मांडीचं हाड खालच्या हाडावर घरंगळतं आणि त्याच वेळी घसरतंही, मधल्या दोन अर्धगोल गाद्या मागे सरकतात, आणि पाय पूर्ण सरळ करताना शेवटच्या थोड्या अंशात नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला फिरून गुडघा लॉक होतो, म्हणून आपण फार जोर न लावता उभे राहू शकतो. परत वाकताना गुडघ्यामागचा एक छोटासा स्नायू ते लॉक उघडतो. पुढची वाटी मांडीच्या स्नायूला जास्त ताकद मिळवून देते. आता माणूस महिनोन्‌महिने खुर्चीतच बसला तर मांडीचा स्नायू रोडावतो, धक्के सोसायला तो उरत नाही आणि सगळा भार सांध्यावर येतो, मग जास्त दुखतं, मग अजून कमी चालणं, असं ते चक्र.

वजनाचंही तसंच. एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, आणि त्यासाठी कुठलंही तेल लागत नाही.

बोटं मोडली की संधिवात होतो हीही अशीच भीती. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याशी संबंधित असतो. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजव्याची नाही, आणि दोन्ही हातांत काहीच फरक निघाला नाही. त्यांनी हे 1998 मध्ये एका वैद्यकीय मासिकाला पत्र लिहूनच कळवलं होतं.

अर्थात सांधा लाल, गरम झाला असेल, गुडघा मध्येच अडकत असेल, पडून मार लागला असेल तर डॉक्टरकडेच जावं. कुर्चा खूप झिजली असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर मांडी घालायची की नाही, उकिडवं बसायचं की नाही, हेही त्यांनाच विचारून ठरवावं. पण बाकीच्यांनी निदान सपाट रस्त्यावर चालावं, आणि पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानेच पाच-दहा सेकंद दाबून धरायची, सोडायची, परत दाबायची, एवढं तर पलंगावर बसूनही जमतं.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून असे व्यायाम चित्रांसकट आणि जरा मोठ्या अक्षरांत छापून घ्यावेत ही कळकळीची विनंती, कारण ज्यांना ते सगळ्यात जास्त हवेत ते मोबाईलवर नाही, पेपरातच वाचतात.

आपली,
एक शिक्षिका, सांगली