लंडनहून युफोनियमचे फोटो पाठवणाऱ्या कळव्याच्या ताईंना

ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हणून झालं पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आमचे आजोबा ठाण्यात लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, वाजवायचे. वाद्य घरी आहे, वाल्वच्या (बोटाने दाबायच्या कळांच्या) मागे छोट्या नळ्यांचं जंजाळ, त्यातली एक चेपलेली आणि एक गायबच. एका दुकानात सरळ सांगितलं की मागच्या नळ्या एक्स्ट्रा आहेत, कापून भोकं बुजवू, मस्त वाजेल. मन मानेना, पण तसंच दुसरं वाद्य इथे कोणाकडे बघायलाही मिळेना.

आणि तुम्ही, ना ओळख ना पाळख, सुट्टीच्या दिवशी हॉर्निमन म्युझियममध्ये गेलात! बूझी अँड हॉक्स ह्या वाद्यं बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीचा जुन्या वाद्यांचा संग्रह 2004 मध्ये त्यांच्याकडे आला हेसुद्धा मला तुमच्यामुळेच कळलं. काचेच्या कडेला वाकून तुम्ही तिथल्या युफोनियमची मागची बाजू टिपलीत, वर कुठली नळी कुठून निघून कुठे शिरते ते लाल बाण काढून पाठवलंत. एवढं कोण करतं हो?

त्या बाणांवरून सगळा उलगडा झाला. पहिला आणि तिसरा वाल्व एकत्र दाबला की नळीची लांबी कमी पडते आणि सूर चढा लागतो, हे जुनंच दुखणं. बूझीकडच्या डेव्हिड ब्लेकलीने 1874 मध्ये त्यावर उपाय काढला, तिसरा वाल्व दाबला की हवा फिरून परत पहिल्या दोन वाल्वमधून जाते आणि ह्या छोट्या नळ्या कमी पडलेली लांबी भरून काढतात. काय डोकं असेल त्या माणसाचं! नळ्या कापल्या असत्या तर पहिला-तिसरा दाबल्यावर हवाच अडली असती.

आता एका कारागीर काकांनी तुमचे फोटो समोर ठेवून नवी नळी वाकवली, डाग देऊन बसवली आणि खालचे सूर एकदम जागेवर आलेत. भोंग्यावर नुसतं बूझी अँड कंपनी कोरलंय, हॉक्सचं नाव नाही, म्हणजे दोन्ही कंपन्या 1930 मध्ये एक झाल्या त्याच्या आधीचं, हे पण तुम्हीच लक्षात आणून दिलंत, ते ऐकून आई कितीतरी वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती.

काकांनी तुमचे फोटो प्रिंट काढून दुकानात लावलेत, पुढच्या कोणाला लागले तर. तिसऱ्या वाल्वच्या खालचा तेवढा जरा हललाय, परत कधी तिकडे गेलात तर तो एक पाठवाल का?