बाबा, ती चंदेरी नळी आता काढून ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "मी बघतो" म्हणतात आणि आई "आम्ही मजेत आहोत गं" म्हणून फोन ठेवते. म्हणून पत्र. पत्र बाबा दोनदा वाचतात आणि फाइलला लावतात, एवढा भरवसा आहे.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. घर आणि नळाचं पाणी तापवणारा तो जुना बॉयलर बदलायचं मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे पैसेही भरलेत. गुरुवारी सकाळी माणसं येतील आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काम उरकेल. तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. रागवायचं तर माझ्यावर रागवा, दादावर नको. त्याला मीच गप्प बसवलं होतं.

विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "अजून दोन हिवाळे सहज काढेल तो." मागच्या वर्षी हेच म्हणालात, त्याच्या आदल्या वर्षीही. आणि मी ते ऐकून घेतलं, कारण इतक्या लांब बसून ऐकून घेणं मला सोयीचं होतं. अठरा वर्षं झाली त्या बॉयलरला. पेटला की किटलीसारखा खदखदतो, ते फोनवर मलाही ऐकू येतं.

बाबांच्या वहीतल्या पानांचे फोटो दादाकडून मी मागवून घेतले. निळ्या शाईत, तारीखवार, बॉयलरमधल्या पाण्याच्या दाबाचे आकडे: "सकाळी ०.४. भरले १.५. रात्री २.९." दुसऱ्या दिवशी पुन्हा "सकाळी ०.४." सलग अकरा आठवडे, एक दिवस गाळलेला नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशीचं अक्षर आईचं आहे. ते पान बघितलं आणि बाकीचं काम बाजूला ठेवून मी मेकॅनिकला फोन लावला.

तो घरी यायच्या आधीच ती पानं त्याला पाठवली होती. तो म्हणाला, ज्यानं हे लिहिलंय त्यानं माझं निम्मं काम केलंय. पाणी गार असताना दाबाचा काटा १ ते १.५ बारवर हवा आणि तापल्यावर थोडासाच चढायला हवा. तापलेलं पाणी फुगतं, शंभर लिटरमागे दोनेक लिटर. त्या जास्तीच्या पाण्याला जागा म्हणून बॉयलरच्या पोटात एक चपटा डबा असतो, एक्सपान्शन व्हेसल. मध्ये रबराचा पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा. आपला पडदा फाटलाय. त्यानं हवेच्या बाजूची पिन दाबली तर हवेऐवजी पाणीच आलं. आता फुगलेल्या पाण्याला जागाच नाही, म्हणून काटा थेट ३ वर जातो. तिथं सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी तांब्याच्या नळीतून भिंतीबाहेर जातं. रात्रभरात सगळं गार झालं की आत उरतं ते ०.४, आणि एवढ्या कमी दाबाला बॉयलर पेटायलाच नकार देतो. खोल्या तापवणारे रेडिएटर गार, नळाचं पाणीही गार.

आई, मागच्या भिंतीपाशी ओल आलीये, शेवाळ धरलंय, हे तू थंडी सुरू झाल्यापासून सांगत होतीस. आम्ही तिघांनी "पावसाचं असेल" म्हणून तुला उडवून लावलं. ती ओल बरोबर त्या नळीखाली होती. बिघाड सगळ्यात आधी तुला सापडला होता, आणि बाबांनीही हे तुझ्यासमोर मान्य करावं असं माझं म्हणणं आहे.

बाबा, आता पुढचं जरा सांभाळून लिहिते. सिंकखालच्या त्या चंदेरी नळीनं बॉयलरमध्ये पाणी भरायला तुम्हाला शिकवलं मीच. व्हिडिओ कॉलवर, तुम्ही सिंकखाली गुडघे टेकून आणि मी इथं खुर्चीत बसून: "पाव फेरा फिरवा, काटा बघत राहा, दीडला बंद करा." तो एका वेळचा उपाय होता. रोज करायचा नसतो, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. तेच पाणी आत राहिलं तर त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंजणं बरंचसं थांबतं. आपण मात्र त्याला रोज ताजा खुराक देत होतो. मेकॅनिकनं अर्धा कप पाणी काढलं ते दौतीतल्या शाईसारखं काळं. दादानं फ्रिजवरचं लोहचुंबक त्यात बुडवलं तर त्याला काळी साय धरली.

तुमच्या खोलीतला रेडिएटर वर गरम आणि खाली गार असतो तो या गाळामुळे. वर गार असता तर आत हवा अडकलीय असं समजायचं, किल्लीनं ती सोडायची, झालं. तुम्ही त्या किल्लीनं किती संध्याकाळी हवा सोडायला बसलात! तिथं हवा नव्हतीच. नुसतं पाणी निघायचं, काटा आणखी उतरायचा, सकाळी पुन्हा भरणं आलं.

यात तुमचं काही चुकलं नाही. अकरा आठवडे घर गरम राहिलं ते तुमच्यामुळे. पण पहाटे साडेपाचला गार फरशीवर गुडघे टेकायचं हे वय नाही. आणि काटा चढेपर्यंत आईनं किटलीत पाणी उकळून जिना चढायचा, बादलीत ओतायचं, पुन्हा खाली यायचं, हे मला दादाकडून कळावं? आई, जिन्यात कढत किटली हातात असताना पाय घसरला तर, एवढा एकच विचार माझ्या मनात घोळतोय. मी चिडलेय असं वाटत असेल, तर चिडलेच आहे.

आजीच्या घरचा बंब आठवतो का? मी झोपेतून उठून तशीच बाबांच्या शेजारी उकिडवी बसायचे. मी ढलपी आत टाकायला हात पुढे केला की बाबा मनगट धरायचे: "आधी पाणी, मग विस्तव. कोरडा बंब पेटवला तर झाळ वितळते." आणि आई बादलीत विसण घालून कोपर बुडवून बघायची, मगच पहिला तांब्या माझ्या अंगावर. हा बॉयलर कमी दाबाला बंद होतो तेही त्याच धास्तीनं. मेकॅनिक मला ते समजावत होता तेव्हा मला बाबांचाच आवाज ऐकू येत होता.

डबा तेवढा बदलता आला असता, हे लपवत नाही. पण गाळ बॉयलरच्या आतही साचलाय, आणि तो उघडला की काय काय निघेल याची खात्री मेकॅनिक देईना. भर थंडीत तुम्हाला त्या जुगारावर सोडायचं माझ्या जिवावर आलं. आता सगळे रेडिएटर धुऊन निघतील, गंजरोधक औषध पडेल आणि गाळ पकडायला परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसेल. नवा बॉयलर जुन्याच जागी, त्याच भिंतीवर. आईच्या कपाटाला कुणी हात लावणार नाही. बटणंही दोनच आहेत, मोठ्या अक्षरांची.

बुधवारी रात्री दादा तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर आणून देईल. दोन दिवस तो झोपायच्या खोलीत, दार लावून. त्याच्यावर ओला टॉवेल टाकायचा नाही. आई, गुरुवारची रात्र तू दादाकडे काढ. बाबा तिथं जाणार नाहीत हे गृहीत धरलंय. बाबा, तुम्ही देखरेखीला थांबा, पण त्यांच्या हातातली पक्कड मागू नका.

आता ऐका, दोघंही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सापडला, बॅटरी काढलेली. "सारखा टिकटिकत होता" हे कारण चालणार नाही. अधूनमधून एक टिक म्हणजे बॅटरी बदला. लागोपाठ जोरात वाजला तर गॅस बंद, दारं-खिडक्या उघडून दोघंही बाहेर, आणि मग फोन. या वायूला वास नाही, रंग नाही. घरात डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय असं झालं तर "पित्त असेल" म्हणू नका. मेकॅनिकनं धुराची नळी तपासली, ती ठीक आहे. तरीही अलार्म भिंतीवरच हवा.

बाबा, थर्मोस्टॅट १६ वर ठेवायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये थंडीत घर निदान १८ अंश ठेवा असं आहे, आणि वयस्कर माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही. तुम्ही २० वर ठेवा. बिलाचं मी बघते, त्यावर वाद नको. बैठकीतला सोफा रेडिएटरपासून हातभर पुढे ओढा. पडदाही आवरून बांधा. तो रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर पडला की आतल्या उबेनं व्हॉल्व्हला वाटतं खोली तापली, आणि तो बंद होतो. हे सोफ्याचं काम दादानं करायचं. बाबांनी नाही.

नळाचं गरम पाणी ४८ अंशांवर लावायला सांगितलंय. आईला ते कमी वाटेल. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, आणि आता तुझ्या बोटांना चटका उशिरा कळतो, हे तूच मला मागच्या वेळी सांगितलंस. कोमट वाटलं तर विसण कमी घाल.

मी उन्हाळ्यात येते म्हणाले होते. उन्हाळ्यात येऊन बॉयलर बघण्यात काय अर्थ आहे! रजा टाकलीये, पुढच्या महिन्यात येते. माझ्या जुन्या खोलीतला रेडिएटर बंद ठेवलाय ना, तो थोडासा सुरू करा. मी येणार म्हणून नव्हे, भिंतीला ओल धरते म्हणून. बरं, मी येणार म्हणूनही.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, काम झालं की त्यांना ती चंदेरी नळी सोडवून तुमच्या हातात द्यायला सांगा, आणि ती माझ्यासाठी ठेवा. शनिवारी सकाळचा आकडा मात्र वहीत लिहा आणि फोटो पाठवा. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. काटा उतरलेला दिसला तर भरायचं नाही, मला फोन करायचा. साडेपाचला असला तरी.