कॉर्नफ्लॉर नको, रवी हवी

संपादक महोदय,

तोरणमाळच्या थंडीवरील पुरवणीत फिलिपिनो हॉट चॉकलेटची कृती दिलीत, याचा आनंद झाला. मात्र त्यात कोको पावडर आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉर सांगितलं आहे. त्याने खीर होईल, फिलिपिन्समधल्या बागियो शहराच्या डोंगरी गारठ्यात पितात ते ‘त्सोकोलाते’ होणार नाही.

फिलिपिन्समध्ये कोको स्पॅनिश अमलात मेक्सिकोहून गलबतांतून आला. तिथे भाजलेल्या बिया वाटून वड्या पाडतात, त्या ‘ताब्लेया’. वडीत बीमधलं सगळं लोणी राहतं, म्हणजे जवळपास निम्मं वजन. कोको पावडर बनते तीच हे लोणी बरंचसं पिळून काढल्यावर. दाटपणा तिथेच गेलेला असतो.

एका कपाला २०० मिली पाणी आणि २० ते २५ ग्रॅम वडी घ्यावी. आधी पाणी उकळावं, आच मंद करून वडी चुरून टाकावी आणि आठ-दहा मिनिटं सतत घोटावं. वडी थेट दुधात टाकली तर ती विरघळेपर्यंत दूध तळाला लागतं. म्हणून साखर आणि हवं तर थोडं दूध शेवटी. घोटणं थांबलं की कोकोचा गाळ खाली बसून करपतो, आणि करपलेला कडूपणा साखरेने झाकत नाही.

घोटायला तिकडे ‘बातिरोल’ असतं. दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची लाकडी रवीच ती. आपली लहान रवी उत्तम चालते, फक्त ताकाची नको. लाकडात मुरलेला आंबट वास गरम चॉकलेटात लगेच उतरतो. पेला थोडा वेळ राहिला तर वर तेलाचे थेंब दिसतात. ते लोणी सुटलेलं असतं, माल खराब नसतो. पुन्हा घुसळलं की फेस येऊन एकजीव होतं. तळाशी किंचित रवाळपणा राहतोच, तो गाळू नये.

ताब्लेया मिळाल्या नाहीत तर बिनसाखरेचा, शंभर टक्के कोकोचा ठोकळा घ्यावा. गोड चॉकलेटची वडी चालणार नाही. साठवणीची काळजी मात्र खान्देशात जास्तच. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात वड्या मऊ पडतात आणि पुन्हा घट्ट होताना वर पांढरा थर धरतात. ती बुरशी समजून फेकू नयेत, पेयात तो थर विरघळतो. डब्याला ओल मात्र लागू देऊ नये.

पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– दोन वाचक, शहादा (जि. नंदुरबार)