कागदपत्रांची तयारी नववीपासूनच हवी

महोदय,
बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या सेतू केंद्रांवर पालकांची झुंबड उडते. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची सरकारी तपासणी, लागते. ओबीसींसाठी जातीचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बहुधा गावच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्येच, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतच, सापडतो. आमच्या शेजारच्या मुलीच्या आजोबांचं आडनाव त्यात वेगळंच निघालं. ऐन सीईटीच्या दिवसांत तिच्या वडिलांनी सोलापूरला किती खेटे घातले! क्लासची फी आपण आठवीपासून भरतो, कागदपत्रं मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. शाळांनी नववीच्या पालकसभेतच कागदपत्रांची यादी हातात द्यावी. पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. कॉलेजांनी तशी सूचना वर्गावर्गात द्यावी.
– एक पालक, कोथरूड, पुणे