गुडघा लपवू नकोस

नाशिक

चि. सई,

अनेक आशीर्वाद. बस पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. जाताना आपण नीट बोललो नाही, म्हणून लिहितेय. गुडघ्याबद्दल पुन्हा काही बोलायचं नाही असं ठरवलंय.

परवा बूट घालताना तू डावा पाय हाताने उचलून घेतलास, ते मी पाहिलं. विचारलं तर म्हणालीस, "कदमतालाने सगळ्यांचंच दुखतं." दुखत असेल. पण सगळ्यांचा सुजत नाही गं. एनसीसीच्या कॅम्पमधून नाव वगळतील म्हणून तू कुणाला सांगत नाहीस, हे मला कळतं. सी सर्टिफिकेट हवं, त्यात चांगली ग्रेड हवी, म्हणजे लष्करात अधिकारी व्हायला सीडीएसची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या निवड मुलाखतीला जाता येतं. तूच मला हे दहादा समजावलंस. मग एसएसबीनंतर मेडिकल असते, हेही तुलाच ठाऊक आहे. तिथले डॉक्टर गुडघा वाकवून बघणार. त्यांच्यापासून काय लपवशील?

झालं, मी पुन्हा तिथेच आले. रागावू नकोस.

नाना सांगायचे, बासष्टच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली. ज्यांना नको असायची तेही पहाटे मैदानावर उभे राहायचे. १९६८ मध्ये ती ऐच्छिक झाली. तुला तर कुणी ढकललं नाही. देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की आपल्या काचा थरथरायच्या, आजी देवघरातली समई धरून बसायची आणि तू ओट्यावर उभी राहून पुढच्या आवाजाची वाट बघायचीस. नाना म्हणायचे, ही पोरगी घरात राहायची नाही. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं. आता तुझा पॉइंट टू टू रायफलच्या फायरिंगचा टार्गेटचा कागद, पाचही छिद्रं एका ठिकाणी असलेला, बाबांनी फ्रिजवर लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला मीच दाखवते.

वैद्यकीय शाखा सोडली तर १९९२ पर्यंत मुलींना लष्करात अधिकारी होता येत नव्हतं. माझ्या वयाच्या किती जणींना ही वाट दिसलीच नसेल. तुला ती दिसली, तू धरलीस, याचा मला फार अभिमान आहे. भीतीही तेवढीच वाटते. रात्री तू रांगेत लंगडतेयस असंच डोळ्यापुढे येतं. शिस्त म्हणजे दुखणं गिळणं नव्हे, सई. उद्या तुझ्या हाताखाली जवान असतील. त्यांच्यातल्या कुणी असं लपवलं, तर तुला चालेल का? लेक्चर झालं, माफ कर. आई आहे मी.

डब्यात चकल्या वेगळ्या बांधल्यात, खोलीतल्या मुलींनाही दे. गरम पाण्याची पिशवी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. कॅम्प सुरू व्हायच्या आत हाडांच्या डॉक्टरांकडे जा, एक्स-रे काढायला सांगितला तर काढ आणि ते काय म्हणाले ते मला फोनवर जसंच्या तसं सांग. बाबांना सांगून भागवू नकोस, ते तुझ्याच बाजूचे. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर मी एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
आई