राखीव वैमानिकांचे काय?

महोदय,

विमान कंपन्यांविषयी माझ्यासारख्याने लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. माझी उभी नोकरी एस.टी.त गेली, त्यातली बरीच वर्षे आगारात कामगिरी लावण्यात. कोणती गाडी कुठे जाणार, तिच्यावर चालक-वाहक कोण, रजेवर कोण, मुक्कामी गाडी घेऊन परगावी कोण झोपलाय, याचा तक्ता रोज संध्याकाळी लावायचा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा विमानतळांवरच्या गर्दीचे फोटो सगळीकडे छापून आले, बॅगांचे डोंगर दिसले, भांडणे दिसली. वैमानिकांचा असा तक्ता मात्र मला कुठे फारसा दिसला नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक कबूल करतो. स्वस्त विमानसेवेचे मला कौतुक आहे. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने पहिले विमान बेंगळुरूहून सोडले ते हुबळीला. हुबळी म्हणजे आम्हा सांगलीकरांना काही परमुलूख नव्हे. तिथे विमान उतरते म्हटल्यावर आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढे एक रुपयाच्या तिकिटाची जाहिरात आली. ते तिकीट कुणाला मिळाले कुणास ठाऊक, आमच्यापैकी कुणाला मिळाले नाही. पण विमान आपल्यासाठीही असते हे माणसांना तेव्हापासून वाटू लागले.

गेल्या वर्षी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर नातवाला घेऊन काचेशी बसलो होतो. समोर एक विमान येऊन थांबले आणि मी सवयीने घड्याळ पाहिले. जिन्याऐवजी उतरता रॅम्प लावला, त्यामुळे म्हातारी माणसेसुद्धा भराभर खाली आली. मागच्या दारानेही माणसे उतरत होती. आत हवाईसुंदऱ्या स्वतःच पिशवी घेऊन कागद-बाटल्या गोळा करताना खिडक्यांतून दिसत होत्या. तोवर पोटातल्या बॅगा निघाल्या, नव्या चढल्या, इंधन भरून झाले. विमान पुन्हा हलले तेव्हा अठ्ठावीस मिनिटे झाली होती. नातू विमान बघत होता, मी ती अठ्ठावीस मिनिटे. आमच्याकडे गाडी स्थानकात उभी राहिली की कंट्रोलर ओरडायचा, कारण उभी गाडी पैसे मिळवत नाही. या धंद्याचे सूत्र तेच आहे.

इंडिगो त्यात सगळ्यांच्या पुढे गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये पहिले उड्डाण केले, पण त्याच्या आदल्या वर्षीच १०० विमानांची मागणी एअरबसकडे नोंदवून ठेवली होती. घाऊक खरेदी केली की भाव पाडून मिळतो. विमान हाती आले की ते भाडेकंपनीला विकायचे, तेच भाड्याने चालवायचे आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी परत करायचे. बराच काळ ताफ्यात एकाच जातीची विमाने ठेवली, म्हणजे सुटे भाग एकच आणि कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसवता येतो. कामगिरी लावणाऱ्याला यापरते सुख नाही. २०२३ मध्ये त्यांनी एका फटक्यात ५०० विमाने मागवली. आज ताफा चारशेच्या वर आहे, रोजची उड्डाणे दोन हजारांच्या वर, आणि देशात विमानाने फिरणाऱ्या दहा माणसांतली सहा त्यांच्याच विमानात बसतात. या काळात एअर डेक्कनला गिळलेली किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये.

आता तक्त्याकडे येतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास. नियमातली रात्र पहाटे पाचला संपायची, ती सहाला संपणार. रात्रीच्या कामात वैमानिकाला सहा वेळा विमान उतरवता येत होते, ते दोन वेळांवर आले. पहिला टप्पा जुलै २०२५ मध्ये आणि दुसरा १ नोव्हेंबरला लागू झाला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे हाताशी होती. आणि इंडिगोने त्याच हिवाळी वेळापत्रकात फेऱ्या उन्हाळ्यापेक्षा वाढवलेल्या! आमच्या आगारात असा तक्ता कुणी लावला असता, तर आगार व्यवस्थापकाने तो त्याच्यासमोर फाडला असता.

वैमानिक काही ऐनवेळी मिळत नाहीत. सहवैमानिकाचा कॅप्टन व्हायला वर्षे लागतात आणि दुसऱ्या कंपनीतून कॅप्टन घ्यायचा तर नियमानुसार त्याची वर्षभराची नोटीस असते. नव्या नियमांत वैमानिक कमी पडले आणि ५ डिसेंबरला एका दिवसात इंडिगोची हजारावर उड्डाणे रद्द झाली, तेव्हा काय झाले? रात्रीच्या कामाच्या नियमातून कंपनीला १० फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, ही अट तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतली गेली. भाड्याला कमाल मर्यादा ६ डिसेंबरला लागली. मुंबई-दिल्लीएवढ्या अंतराला १५,००० रुपये. फेऱ्यांत दहा टक्के कपात करायला लावली ती त्यानंतर. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी फेऱ्या तोडायच्या असतात; चालकाची झोप शेवटपर्यंत तोडायची नसते. रातराणी घेऊन पहाटे आलेल्या चालकाला सकाळच्या गाडीवर बसवायला अनेकदा माझ्यावर दबाव आला. मी फेरी रद्द करून प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या.

एक अनुभव सांगतो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नागपूरच्या लग्नाहून परतताना रात्री आम्ही दोन तास विमानात बसून होतो. शेवटी कॅप्टनने सांगितले, माझी ड्युटीची वेळ संपली, मी उडवू शकत नाही. लोक खवळले. मला मात्र त्या माणसाचा आदर वाटला. राग आला तो दुसरा कॅप्टन यायला लागलेल्या तीन तासांचा. आमच्याकडे राखीव चालक आगारातच बाकावर असायचा. तो दिवसभर बसून पगार घेतो अशी वरून ओरड व्हायची, पण एखादा चालक तापाने आडवा झाला की त्याच बाकाकडे धाव घ्यावी लागे. स्वस्त तिकिटाच्या हिशेबात पहिली काट बसते ती या बाकावर.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. फेऱ्या मंजूर करताना महासंचालनालयाने विमानांच्या संख्येबरोबर प्रत्येक कंपनीचा वैमानिकांचा तक्ताही मागवावा, त्यात राखीव किती ते पाहावे, आणि तो आकडा जाहीर करावा. तिकिटामागे शंभर-दोनशे रुपये वाढले तरी चालतील. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबरला सुरू झाला आहे, तिथल्या फेऱ्यांनाही माणसे याच तक्त्यातून जाणार. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागते. त्याच्या मंजुरीच्या कागदांना हा एक कागद जोडायला सांगावा.

आपला एक वाचक
(निवृत्त आगार कर्मचारी, एस.टी.), सांगली