मंत्रिमहोदय, पिकअपवर बांधून नेलेली गाडी रस्त्यावर चालली कधी?

माननीय मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहितो. मी वऱ्हाडातला, दारव्हा-कारंजाकडच्या एका गावातला फॅब्रिकेशनवाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायच्या, वखर-डवरे करायचे, पेरणीयंत्रं दुरुस्त करायची, हा माझा धंदा. गेल्या सोमवारी परिवहन कार्यालयाने मी स्वतः बांधलेली गाडी जप्त केली. त्यांनीच पाहणीसाठी बोलावली होती. नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालवायची नसते, हे मला कळतं. म्हणून ती पिकअपमध्ये चढवली, चारही बाजूंनी दोरांनी आवळली आणि तशीच फाटकातून आत नेली. दोन साहेबांनी मोबाइलवर फोटो काढले, एकाने स्टिअरिंगवर हात ठेवून काढून घेतला, आणि दुपारी माझ्या हातात पावती आली. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ मोडून विनानोंदणी वाहन वापरल्याबद्दल कलम २०७ खाली ताब्यात. मी विचारलं, साहेब, वापरली कुठे? तिची चाकं जमिनीला लागली ती तुमच्याच आवारात. उत्तर मिळालं, "वर लिहा."

म्हणून वर लिहितो आहे.

पावतीवर तिची बनावट "अज्ञात" लिहिली आहे. त्यात अज्ञात काहीच नाही. माझे वडील तरुणपणी एका जिनिंगच्या मालकांकडे ड्रायव्हर होते. मालकांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय बहीण, १९६१ पासून मद्रासला बनू लागली. मूळ आखणी इटलीच्या जिओव्हानी मिकेलोट्टी यांची. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटायचं. वडील पुढच्या चाकावर बूड टेकून इंजिनचं काम करायचे, वाकावं लागायचं नाही. पंचवीस फुटांत पुरी वळायची, कापसाच्या बैलगाड्यांनी भरलेल्या आवारातसुद्धा. याच हेराल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फने स्पिटफायर काढली. दोन माणसांची, उघडी, ११४७ सीसीचं साधं इंजिन, वजन सातशे किलोंच्या आसपास. १९८० पर्यंत तीन लाखांच्या वर विकल्या गेल्या. राजेरजवाड्यांसाठी नव्हती ती. पगारदार पोरांना परवडावी म्हणून केलेली गाडी होती.

तिचा आजचा वारस आपल्याकडे मिळणाऱ्या सामानातून करायचा, एवढंच आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी, अभियांत्रिकी कॉलेजची दोन पोरं आणि कूलरच्या फायबर बॉड्या करणारा आमच्या बाजारपेठेतला एक कारागीर. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा मारुतीच्या ईकोचा घेतला, कारण त्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि मागची चाकं ओढतात, जसं हवं तसंच. बाराशे सीसी, ऐंशीच्या आसपास अश्वशक्ती. ही ताकद ईकोत साडेनऊशे किलोंच्या जवळपासचा डबा आणि वर माणसं ओढते. आमच्या गाडीचं वजन जिनिंगच्या वजनकाट्यावर ६४० किलो भरलं.

स्पिटफायरचा एक दोष सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिचा मागचा धुरा मधोमध लवायचा, आणि भर वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की बाहेरचं चाक आत दुमडून मागची बाजू घसरायची. आम्ही तो धुरा घेतलाच नाही. सरळ धुरा ठेवला, त्याला चार दांड्या आणि एक आडवी दांडी दिली. वजन कमी ठेवलं की बाकीची कामं आपोआप हलकी होतात. स्प्रिंगा नरम चालतात, टायर अरुंद पुरतात, ब्रेकना निम्मीच ऊर्जा जिरवावी लागते. आज दीड-दीड, दोन-दोन टनांच्या गाड्या एकट्या माणसाला बाजारात भाजी आणायला नेतात आणि तेवढंच पेट्रोल जाळतात. आपला कर गाडीची लांबी बघतो, चार मीटर. इंजिन बघतो, बाराशे सीसी. वजन मात्र कुठेच बघत नाही. का बघत नाही?

"जुगाड आहे," असं कार्यालयात एक जण बोलला. तेव्हा जुगाड कसा केला तेही ऐका. चासी पाइपांच्या त्रिकोणांची आहे. ती पिळली जाते की नाही हे बघायला मागची बाजू लोखंडी टेबलाला जखडली, पुढच्या बाजूला दोन मीटरचा आडवा पाइप बांधला आणि त्याच्या टोकाला युरियाची ४५ किलोंची गोणी टांगली. म्हणजे साधारण ८८० न्यूटन मीटरचा पीळ. दोन्ही बाजूंना डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारे काटे, लावले. पहिल्यांदा चासी पाऊण अंश पिळली. पोरांनी लॅपटॉपवर पाहून सांगितलं, इंजिनच्या खोबणीत तिरपा पाइप नाही, पीळ तिथून शिरतो. तो पाइप घातला, बसायच्या जागेच्या तळाला पत्रा रिव्हेट केला, पुन्हा गोणी टांगली. काटा अर्ध्या अंशाच्या आत थांबला. अशी गोणी टांगून आणि काटा वाचून आम्ही एकेक पाइप ठरवला आहे. बॉडीचं फायबर मे महिन्यात ओतलं. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळिसाच्या वर असतो, रेझिन डब्यातच गोठतं. म्हणून पहाटे चारला काम सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत साचा बंद करायचा. कारागीर म्हणायचा, "भाऊ, कूलर बिघडला त पानी गयते, हे बिघडलं त मानूस जाईन," आणि एकेक थर पुन्हा चाचपायचा.

हे सगळं तपासायला कोणी तयार असेल तर मी हात जोडून उभा आहे. पण तपासायची सोयच ठेवलेली नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६ सांगतो की नव्या गाडीचा नमुना मान्य संस्थेकडून पास करून घ्या. आपल्या राज्यात अशा संस्था पुण्यात आणि अहिल्यानगरला. आमच्या गावाहून पुणे पाचशे किलोमीटरच्या आसपास. तेही जाऊ, पिकअप आहे, दोर आहेत. पण त्या चाचण्यांत एक चाचणी गाडी ताशी ५६ किलोमीटरने अडथळ्यावर आदळून बघायची आहे. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला दोन-चार गाड्या फोडणं जड नाही. माझ्याकडे एकच गाडी आहे. ती फोडली तर नोंदणी कशाची करायची, साहेब? चाचण्यांचा एकूण खर्च फोनवर ऐकला तेव्हा मी गप्प राहिलो. आमचं दुकान वर्षानुवर्षं चालवूनही तेवढे पैसे उभे राहणार नाहीत.

आता आपलीच कागदपत्रं आपल्यासमोर ठेवतो. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या खात्याने मुभा दिली की परदेशी मानकांवर पास झालेल्या गाड्या इथल्या चाचणीशिवाय वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतील. परदेशातल्या कागदावर आपला विश्वास आहे. २०२१ मध्ये आपण पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली. वीस हजार रुपये भरा, 'व्हीए' अक्षरांची पाटी लावा. चांगला निर्णय, मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्याचा अर्थ बघा. मालकांची ती जुनी हेराल्ड आज उभी असती, सीटचे पट्टे नसलेली, ड्रम ब्रेकची, वळणावर घात करणाऱ्या धुऱ्याची, तर प्रदर्शना-रॅलीपुरती का होईना, तिला पाटी मिळाली असती. तिचे दोष काढून, पट्टे लावून, डोक्यामागे सीमलेस पाइपचा रोलबार उभा करून केलेल्या तिच्या वारसाला मात्र कलम २०७. छोट्या चारचाकीसाठी २०१८ मध्ये आपण क्वाड्रिसायकलचा वेगळा वर्ग खासगी वापराला खुला केला, वजन ४७५ किलोंपर्यंत, वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत. म्हणजे मनात आणलं तर वर्ग काढता येतो. कोणासाठी काढता येतो, हा माझा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये माणसाने घरी बांधलेली एकेक गाडी सरकारी निरीक्षक तपासतो. ब्रेक मोजतो, पट्ट्यांचे आधार बघतो, धूर आणि आवाज तपासतो, बाहेरच्या कडा किमान अडीच मिलिमीटर गोल आहेत का तेसुद्धा बघतो. गाडी फोडत नाही. पास झाली की नंबर देतो. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला की छोटा उत्पादक जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत करू शकेल. १९५७ सालची लोटस सेव्हन तिकडे आजही केटरहॅमच्या नावाने, साध्या पाइपांच्या चासीवर, छोट्या कारखान्यात तयार होते आणि जगभर विकली जाते. गोव्यात एकेकाळी सॅन स्टॉर्म नावाची फायबरची दोन आसनी गाडी झाली, आज कोणाला आठवते? छोट्याने केलेलं टिकू द्यायचंच नाही, अशी ही रचना आहे.

मागच्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या प्रदर्शनात हीच गाडी मांडवात होती. एक लोकप्रतिनिधी तिच्यात बसले, फेटा बांधलेला फोटो पेपरात आला. माइकवरून म्हणाले, आठ दिवसांत मार्ग काढतो, ग्रामीण भागातलं हे टॅलेंट वाया जाऊ देणार नाही. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. त्यांच्या माणसाने एकदा उचलला आणि एका एजंटाचा नंबर दिला. तुमच्या राज्यात मार्ग म्हणजे एजंट, साहेब?

माझ्या बायकोच्या पाटल्या गाडीच्या पाइपात आहेत. गेल्या सालच्या सोयाबीनचे पैसे रेझिनमध्ये आहेत. दोन पोरांपैकी एक चाकणला कंत्राटी कामावर गेला, बारा तास उभा राहून दुसऱ्याच्या गाडीचे दरवाजे बसवतो. ज्या पोराने पीळ कुठून शिरतो ते शोधलं, तो दरवाजे बसवतो आहे! वडील रोज संध्याकाळी विचारतात, सुटली का. गाडीला छप्पर नाही, ती उघड्या आवारात उभी आहे, आणि मृग सुरू झाला आहे. वायरिंग उघडं आहे, डायनॅमोत पाणी गेलं असेल. ताडपत्री झाकू द्या म्हणालो तर सांगितलं, जप्त मालाला हात लावता येत नाही.

आणि हे फक्त माझ्या गाडीचं नाही. आमचा कापूस बाहेर जातो, आमची वीज बाहेर जाते, आमची शिकलेली पोरं बाहेर जातात. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली तेव्हा यंत्रांचे नवे प्रयोग इथे होत होते. ती मिल बंद पडली. आमची शकुंतला रेल्वे बंद पडली, रुळांत गवत आहे. नागपूर करार १९५३ चा, दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला १९८४ मध्ये, विदर्भ विकास मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. दर डिसेंबरला अधिवेशन भरतं आणि मोर्चे मॉरिस कॉलेजपाशी अडवले जातात. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, छान आहे, आमच्याच शेतांतून गेला. त्याच्यावर ज्या गाड्या पळतात त्यांतली एक तरी इथल्या माणसाने आखलेली आहे का? रस्ता आमच्या जमिनीवर आणि आम्ही टोल नाक्यावर उभे, एवढंच ठरवलं आहे का?

सुरक्षिततेचं कारण माझ्यासमोर कोणी करू नये. जड ट्रकसमोर हलकी गाडी कमी पडते हे मला तुमच्या अधिकाऱ्यांआधी कळतं, कारण तिच्यात माझं पोर बसणार आहे. पण त्याच कार्यालयासमोरून रोज पंधरा माणसं भरलेली काळीपिवळी जाते, टपावर दोघं बसलेले असतात. सोयाबीनच्या ट्रॉल्या रात्री मागच्या लाइटशिवाय जातात. त्यांना कलम २०७ कधी लागल्याचं मी पाहिलं नाही. त्या ट्रॉल्या मीच बनवतो, आणि लाइट लावून देतो म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं, कोण पकडते?

मागणी सांगतो. पिकअपवर आणलेल्या गाडीवरची कलम २०७ ची कारवाई रद्द करून ती या आठवड्यात सोडा, आणि पावसाने जे बिघडलं ते कार्यालयाने भरून द्यावं. नियम १२६ च्या जोडीला एकेका गाडीची, न फोडता करायची तपासणी आणा. वर्षाला पन्नास-शंभर गाड्यांची मर्यादा घाला, वेगाची घाला, 'व्हीए'सारखी वेगळी पाटी द्या, आम्हाला चालेल. तपासणीचं एक केंद्र विदर्भात द्या. कडक निरीक्षक पाठवा, चासीखाली झोपून एकेक वेल्ड ठोकून बघणारा. तो जो दोष काढेल तो मी त्याच्यासमोर कापून पुन्हा करीन.

आणि उत्तर लेखी द्या. माइकवरचं नको.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला
दारव्हा-कारंजा रस्ता, वऱ्हाड